एकच सिलिंडर, तेही बगलेत : साइडमाउंटची मांडणी कशी लावावी?

पाणकोंबडी

मंडळी, साइडमाउंटवाल्यांना (पाठीऐवजी कुशीला टाकी लावणाऱ्यांना) जरा सविस्तर विचारायचंय. मणक्याच्या दुखण्यामुळे पाठीवर टाकी घेऊन उठणं-चालणं मला कायमचं बंद करायला सांगितलंय, पाण्याखाली जायला मात्र डॉक्टरांची पूर्ण परवानगी आहे. म्हणून दोन सिलिंडरचा साइडमाउंट कोर्स केला आणि तो प्रकार मनापासून आवडला. पण माझ्या बहुतेक डाइव्ह १२ ते १८ मीटरच्या, उघड्या पाण्यातल्या, आणि सोबतचे सगळे पाठीवर एकेक टाकी घेतलेले. त्यांच्यासोबत जायला मी दोन टाक्या बाळगण्यात अर्थ वाटत नाही. तर एकच अ‍ॅल्युमिनियम ८० (नाममात्र ८० घनफुटांची टाकी) एका बाजूला लावायची असेल तर ती डावीकडे की उजवीकडे, दोन्ही सेकंड स्टेज (तोंडात धरायचे भाग) एकाच फर्स्ट स्टेजवर (टाकीवर बसणाऱ्या भागावर) घेताना होजची लांबी किती आणि त्या फिरवायच्या कशा, आणि मुख्य म्हणजे एका अंगावर कलंडायला होतं त्याचं काय करता? हार्नेस साइडमाउंटचाच आहे, इन्फ्लेटर (विंग, म्हणजे तरंगण्यासाठीची हवेची पिशवी, फुगवायची नळी) डाव्या खांद्यावरून येतो, रेग्युलेटर डिन (टाकीत आट्यांनी बसणारा) आहे. ज्यांनी प्रत्यक्ष असं लावलंय त्यांनी नक्की लिहा.

फिनवाला

डावीकडे. इन्फ्लेटर डावीकडून येतोय म्हटल्यावर प्रश्नच मिटला, छोटी होज सरळ वर जाते, छातीवर काही आडवं येत नाही.

काठावरची

मी फक्त स्नॉर्कलिंगवाली, पण वाचतेय. पाणकोंबडी नाव घेतलेल्या आयडीला पाण्यात सरळ कसं राहायचं ते आम्ही काय सांगणार, हाहा. जाणकारांनो, लिहा!

तळठाव

शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल.

कलंडण्याचं नंतर बघू, आधी होज. एकच टाकी म्हणजे तुमची हवा आणि बडीला (सोबतच्या डाइव्हरला) द्यायची हवा एकाच ठिकाणाहून येणार. म्हणून मांडणी करताना पहिला विचार हा की बडीची हवा संपली तर त्याच्या हातात काय जाणार आणि ते किती सहज सुटणार. तुमचे बडी बॅकमाउंटवाले (पाठीवर टाकी घेणारे), त्यांच्या डोक्यात उजव्या कुशीला लटकणारा पिवळा ऑक्टोपस (जादा सेकंड स्टेज) पक्का बसलेला. तुमच्याकडे तो तिथे नसणार. तुम्ही तोंडातला देणार आणि गळ्यातल्या बंजीवरचा स्वतः घेणार. हे पाण्यात शिरण्याआधी त्यांना सांगायचं, दाखवायचं आणि एकदा करून बघायचं, दर वेळी, बडी जुना असला तरी.

आता लांबी. टाकी डावीकडे असेल तर तोंडातली होज डाव्या बगलेतून वर येते, मानेमागून उजवीकडे जाते आणि उजवीकडून तोंडात येते. नेहमीच्या सेकंड स्टेजची होज उजवीकडूनच जोडलेली असते, त्यामुळे हा वळसा तिला बरोबर बसतो. नुसतं तोंडापर्यंत पोचायला १ मीटर पुरते. पण ती देताना दोघांची कपाळं एकमेकांना लागतात आणि तशा अवस्थेत वर येणं फार अवघड जातं. उघड्या पाण्यासाठी दीड मीटर घ्या. जास्तीची होज टाकीवरच्या रबराच्या पट्ट्यांखाली खोचून ठेवायची, सायकलच्या ट्यूबचे काप उत्तम चालतात. २.१ मीटरची होज गुहेतल्या अरुंद वाटेत एकामागे एक जाण्यासाठी असते, तुमच्या डाइव्हला ती नुसती सांभाळत बसावी लागेल.

गळ्यातल्या सेकंड स्टेजला ५५ ते ६० सेंटिमीटर. ती आधी गळ्यात घालायची, मग तिच्यावरून लांब होज. क्रम उलटा झाला की देताना लांब होज गळ्यातल्या बंजीत अडकते. कॅमेऱ्याचा पट्टा, टॉर्चची दोरी, काहीही लांब होजच्या वर येता कामा नये.

गेजला १५ सेंटिमीटरची छोटी होज, गेज टाकीला लागून.

बुडबुडे

तळठावसर, होजबद्दल अनुमोदन, पण बाजूबद्दल माझं मत वेगळं आहे. दोन टाक्यांच्या साइडमाउंटमध्ये लांब होज उजव्या टाकीवर असते. कोर्समध्ये हाताला तीच सवय लागलेली. उद्या पाणकोंबडीताई परत दोन टाक्या घेऊन गेल्या तर दोन वेगवेगळ्या सवयी डोक्यात ठेवायच्या का? मी एकच टाकी उजवीकडे लावतो, लांब होज छातीवरून डावीकडे, मानेमागून फिरून परत उजवीकडून तोंडात, अगदी दोन टाक्यांवेळी जाते तशीच. इन्फ्लेटरची होज तेवढी मोठी घ्यावी लागते, ती छातीच्या पट्ट्याखालून सरकवतो.

फिनवाला

बुडबुडे, छातीवर दोन होज आडव्या झाल्या ना मग. लांब पण आणि इन्फ्लेटरची पण.

बुडबुडे

इन्फ्लेटरची अंगाला चिकटून पट्ट्याखाली, लांब तिच्या वरून. आजवर एकदाही अडकली नाही. पण हो, दर वेळी हात फिरवून तपासावं लागतं हे मान्य.

तळठाव

बुडबुडे यांचा मुद्दा वजनदार आहे, टाळण्यासारखा नाही. फरक एवढाच की डाव्या टाकीवर लांब होज घेतली तरी ती शेवटी मानेमागून उजवीकडूनच तोंडात येते, म्हणजे देताना हाताची हालचाल तीच राहते: उजव्या हाताने तोंडातला धरायचा, डोक्यावरून काढून पुढे करायचा. बदलतं ते फक्त टाकीपासून मानेपर्यंतचं. ज्याचा इन्फ्लेटर खालून, कंबरेकडून येतो त्याने उजवीकडे खुशाल लावावी. खांद्यावरून येणाऱ्याला मी डावीच सांगेन.

निळी_खोली

थोडा विरोधी सूर लावते, राग मानू नका. साइडमाउंटचा सगळा जीव दोन स्वतंत्र टाक्यांमध्ये आहे. एक फर्स्ट स्टेज बिघडला तर दुसरा आहे, हे त्याचं बळ. ते काढून टाकलं की उरतं काय? तिरकं वजन, जास्तीचे बंजी, बडीला न कळणारी मांडणी. सुरक्षितता बॅकमाउंटच्या एका टाकीएवढीच, आणि समजावण्याचा त्रास वरून. ज्यांची पाठ ठणठणीत आहे त्यांनी फॅशन म्हणून हे करू नये असं मला ठामपणे वाटतं. पाणकोंबडीताईंचं कारण खरं आहे, त्यांना मी म्हणेन दुसऱ्या बाजूला छोटी पोनी (जादा राखीव टाकी) घ्या. अ‍ॅल्युमिनियम ४० म्हणजे आतलं आकारमान पावणेसहा लिटरच्या आसपास, पाण्यात ती जवळजवळ ना जड ना हलकी, वर रेग्युलेटरचं किलोभर वजन मोठ्या टाकीच्या समोरच्या बाजूला आपोआप आलं. तोलही जमला आणि दुसरा हवेचा साठाही मिळाला. त्यांनी विचारलेल्या दोन प्रश्नांचं एकच उत्तर.

पाणकोंबडी

निळी_खोली, राग कसला, हेच ऐकायला धागा काढला. पोनीचा विचार केला होता पण तिलाही होडीपर्यंत कुणीतरी उचलायला लागतं आणि जिथे जाते तिथे छोट्या टाक्या मिळतातच असं नाही. तरी पटतंय. मिळेल तिथे घेईन.

साधा_श्वास

निळी_खोली, "उरतं काय" याला एक उत्तर आहे. टाकीचा नॉब डोळ्यांसमोर आणि हाताखाली राहतो. बॅकमाउंटच्या एका टाकीवर सेकंड स्टेज फ्री-फ्लो झाला तर मागे हात पुरेपर्यंत हवा भसाभस जाते. इथे नॉब बंद करता येतो, श्वास हवा तेव्हा थोडा उघडायचा, घ्यायचा, परत बंद. प्रशिक्षकाकडून शिकून, उथळ पाण्यात घोटून केलेलं असलं तर त्या एका टाकीवर शांतपणे वर येता येतं. फर्स्ट स्टेजकडून बुडबुडे येताहेत का तेही मान वळवली की दिसतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

निळी_खोली

मान्य. हा मुद्दा माझ्या लिहिण्यात यायला हवा होता.

खारंपाणी

कलंडण्यावर कुणी आकडे दिले नाहीत म्हणून देतो.

अ‍ॅल्युमिनियम ८० म्हणजे ११.१ लिटर, २०७ बार. पूर्ण भरल्यावर आत साधारण २२०० लिटर हवा, तिचं वजन अडीच-पावणेतीन किलो. समुद्राच्या पाण्यात भरलेली टाकी साधारण पाऊण किलो जड असते आणि पूर्ण रिकामी झाली की दोन किलोच्या आसपास तरंगते. ५० बार उरलेली असताना सव्वा किलोभर तरंगणारी धरा. त्यात फर्स्ट स्टेज, होजचा टाकीकडचा भाग आणि गेज मिळून किलोभर वजन कायम.

म्हणजे सुरुवातीला टाकीची बाजू पावणेदोन किलोने जड, शेवटी पाव किलोने हलकी. समोरच्या बाजूला एक किलो शिसं लावलं तर सुरुवातीला टाकीकडे पाऊण किलो जास्त, शेवटी शिशाकडे सव्वा किलो जास्त. दीड-दोन किलो लावलं तर सुरुवात अगदी सपाट वाटते आणि शेवटी, नेमकं सेफ्टी स्टॉपला (वर येताना ५ मीटरला घ्यायच्या थांब्याला), उलट्या बाजूला ओढलं जातं. म्हणून अर्धा ते एक किलोच्या मध्येच कुठेतरी थांबा. राहिलेला फरक पायाच्या हलक्या हालचालीने आणि शरीराने सावरतो. बाकीचं शिसं पाठीच्या मध्यावर, मणक्याच्या रेषेत.

स्टीलचं सिलिंडर असेल तर हा हिशेब साफ बदलतो, ते बहुधा रिकामं झालं तरी बुडणारंच राहतं, त्यामुळे समोरचं शिसं जास्त लागतं पण कमरेचं एकूण शिसं कमी होतं.

आणि एक, तलावात तोल साधून तोच आकडा समुद्रात नेऊ नका. गोड्या पाण्यात हीच टाकी चारशे ग्रॅमने जास्त जड भरते आणि तुम्हालाही एकूण दोन-अडीच किलो शिसं कमी लागतं.

काठावरची

हे बंजी बंजी काय म्हणताय सगळे? उडी मारायची दोरी डोळ्यासमोर येतेय.

साधा_श्वास

काठावरची, रबरी ताणाची दोरी, बोटाएवढी किंवा त्याहून बारीक. दोन खांद्यांच्या मध्ये पाठीवरून निघते, बगलेखालून पुढे येऊन छातीच्या डी-रिंगला लागते. ती टाकीच्या मानेला, म्हणजे व्हॉल्व्हला अडकवायची. टाकीच्या खालच्या अंगाला कॅम बँड (आवळायचा पट्टा) असतो, त्याच्यावर दोरीने बांधलेला बोल्ट स्नॅप (खिट्टीचा हुक), तो कंबरेच्या मागच्या पट्टीला किंवा डी-रिंगला. वरून बंजी, खालून स्नॅप, मध्ये टाकी कुशीला चिकटून.

खारंपाणी यांच्या हिशेबाला एक जोड देतो, कारण कलंडण्याचं खरं कारण बऱ्याचदा टाकी नसतेच. अंगावर शिसं जास्त झालं की ते तोलायला विंगमध्ये हवा जास्त भरावी लागते. टाकीची बाजू जरा खाली गेली की दुसरी बाजू वर येते, विंगमधली हवा लगेच त्या वरच्या बाजूला पळते, आणि ती बाजू आणखी वर उचलली जाते. म्हणजे दोन बोटांचा कल चार बोटांचा होतो. शिसं नेमकं असेल तर विंगमध्ये हवा थोडीच राहते, पळायला काही उरतच नाही. आधी ५० बारवर, ५ मीटरला, विंग रिकामी करून स्थिर राहता येतं का ते तपासा, त्यानंतरच डावं-उजवं शिसं हलवा. क्रम महत्त्वाचा.

तळठाव

साधा_श्वास, अगदी नेमकं. विद्यार्थ्यांना हेच सांगताना माझा अर्धा तास जातो.

बंजीचा विषय निघालाच आहे तर: बऱ्याच हार्नेसवर बंजी एकसंध असते, डाव्या छातीपासून पाठीमागून उजव्या छातीपर्यंत. दोन टाक्यांवर ताण दोन्हीकडे सारखा असतो म्हणून ती छान चालते. एकच टाकी लावली की सगळी बंजी त्या बाजूला सरकते, ताण ढिला पडतो, व्हॉल्व्ह बगलेतून खाली उतरतो आणि टाकी पोटाखाली झुलायला लागते. मग माणूस बंजी आखडत बसतो आणि दोष आपल्या तोलाला देतो. उपाय सोपा आहे, पाठीच्या मध्यावर गाठ मारून बंजी पक्की करा किंवा दोन्ही बाजूंना स्वतंत्र बंजी लावा.

ताण किती ते असं ओळखा: पाण्यात आडवं असताना व्हॉल्व्ह बगलेत लागून राहायला हवा आणि बाजूने बघणाऱ्याला टाकी शरीराच्या रेषेतच दिसायला हवी. जमिनीवर उभं राहून ताण ठरवू नका, तिथे टाकी लोंबकळणारच. बडीला बाजूने व्हिडिओ काढायला लावा, दोन मिनिटांत सगळं दिसतं.

लाटांवर

खालच्या स्नॅपबद्दल कुणी लिहिलं नाही. अ‍ॅल्युमिनियमची टाकी अर्धी झाली की बूड वर यायला लागतं, कारण व्हॉल्व्ह आणि फर्स्ट स्टेज वरच्या टोकाला जड. शेपटासारखं बूड वर आलं की फार वाईट दिसतं आणि पाण्यात ओढही वाढते. तेव्हा स्नॅप मागच्या पट्टीवरून काढून कंबरेच्या पुढच्या डी-रिंगला लावायचा. दोन टाक्यांवेळी हे दोन्हीकडे करतो तसंच एकाकडे. सरकती डी-रिंग असेल तर आणखी सोपं, नुसती पुढे ढकलायची. साधारण १२०-१०० बारच्या आसपास माझी पुढे येते, पण स्नॅप टाकीच्या कुठल्या उंचीवर बांधलाय त्यावर ते ठरतं, तुमचं तुम्ही बघा.

गुहावेडा

थोडं विषयांतर चालेल का? टाकी कुशीला लावण्याची सुरुवातच गंमतशीर आहे. ब्रिटनमधले गुहा धुंडाळणारे लोक १९६० च्या दशकात पाण्याने भरलेल्या छोट्या भुयारांतून पलीकडच्या कोरड्या गुहेत जायचे. रांगत, घसरत जायचं, पाठीवर टाकी असली तर छताला अडकणार. म्हणून कंबरेच्या पट्ट्याला, मांडीजवळ बांधायची. तोल, ट्रिम वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं, कारण पोहण्यापेक्षा सरपटणंच जास्त. पुढे १९७० च्या दशकात फ्लोरिडातल्या गुहांमध्ये ही कल्पना पोचली, तिथे लांबलचक पोहत जायचं होतं, म्हणून टाकी वर बगलेपर्यंत आली, बंजी आली, विंग आली. आपण आज जे लावतो ते या दुसऱ्या टप्प्याचं.

फिनवाला

गुहावेडा, यावर स्वतंत्र धागा काढा ना, खरंच.

गुहावेडा

काढतो. आणि एक स्पष्ट लिहून ठेवतो, गुहा, बुडालेल्या जहाजाच्या आतला भाग किंवा डेको थांबे (वर येताना सक्तीने घ्यावे लागणारे थांबे) असलेली डाइव्ह, इथे एक टाकी कुशीला लावून जायचं नाही. डोक्यावर सरळ मोकळं पाणी नसेल तिथे दुसरा स्वतंत्र साठा हवाच. यात चर्चेला जागा नाही.

पाणकोंबडी

नाही जाणार, खात्री बाळगा. माझं सगळं वर मोकळं आकाश असलेलं. मंडळी, किती भरभरून लिहिताय, वही काढून टिपून घेतेय. आणखी दोन शंका. भाड्याच्या टाकीचा नॉब कुठल्या बाजूला येईल याची खात्री नसते, आणि होडीवरून चढताना-उतरताना काय करता?

बुडबुडे

नॉबचं: दोन टाक्यांच्या संचात डावा आणि उजवा असे आरशातल्यासारखे व्हॉल्व्ह मिळतात. भाड्याच्या टाकीवर नेहमीचा एकाच हाताचा व्हॉल्व्ह असणार. त्यामुळे एका बाजूला लावली तर नॉब बाहेर, दुसऱ्या बाजूला लावली तर आत, छातीकडे. दोन्ही चालतं, पण पाण्याबाहेर टाकी लावून डोळे मिटून नॉब बंद-उघड करून बघा. आत आलेला नॉब हाताला सापडला पाहिजे आणि बंजी त्याच्यावरून निसटता कामा नये. तसंच टाकी डिनची आहे की योकची (बाहेरून चिमट्यासारखा पकडणारा रेग्युलेटर लागणारी) ते आधीच विचारा. बऱ्याच व्हॉल्व्हमधला इन्सर्ट अ‍ॅलन कीने काढला की डिन बसतो, ती की स्वतःजवळ ठेवा. योक अडॅप्टर लावून साइडमाउंट करायला मला आवडत नाही, फर्स्ट स्टेज बाहेर येतो, बंजीला आणि दंडाला टोचतो.

लाटांवर

होडीचं मी सांगतो, कारण एका टाकीवाल्यांनी जपायची खरी जागा हीच आहे.

उतरताना उलटी गिरकी घेऊन पडणार असाल तर टाकी लावूनच, हाताने अंगाशी धरून. पाठीला उभं राहणं झेपत नसेल तर पाण्यात जाऊन लावा: आधी विंग फुगवून तुम्ही पाण्यात, मग दोरीला बांधलेली टाकी खाली सोडायची. टाकीच्या मानेला एक छोटा बोल्ट स्नॅप दोरीने बांधलेला असू द्या, तो छातीच्या डी-रिंगला आधी लावायचा, मग खालचा स्नॅप, शेवटी बंजी, त्यानंतर इन्फ्लेटर जोडायचा, गळ्यातला घालायचा, लांब होज. हा मानेचा स्नॅप डाइव्हभर लावलेलाच ठेवा. बंजी तुटली तर टाकी खालच्या स्नॅपवर लोंबकळेल आणि तोंडातला सेकंड स्टेज ओढला जाईल, आणि तुमच्याकडे दुसरी टाकी नाही. हा स्नॅप असला तर फार तर टाकी थोडी सैल होते.

चढताना लोक घाई करतात. टाकी वर दिली म्हणजे तुमच्याकडे श्वास घ्यायला काही उरलं नाही. म्हणून आधी विंग पूर्ण फुगवा, दोरी किंवा शिडी एका हाताने पक्की धरा, मास्क आणि फिन अंगावरच, मग इन्फ्लेटर सोडा, होज डोक्यावरून काढा, खालचा स्नॅप, बंजी, सगळ्यात शेवटी मानेचा स्नॅप. होडीवाल्याने टाकी नीट धरली की मगच तो सोडायचा. लाटा मोठ्या असतील तर टाकी शिडीच्या पायथ्यापर्यंत अंगावर राहू द्या. आणि होडीवाल्यांशी आधीच बोला. मी गेलो होतो त्या एका होडीवर मदतनीस दर वेळी टाकी माझ्या पाठीला बांधायलाच यायचा, बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एकदा दाखवल्यावर त्याच्याइतकी छान मदत कुणी केली नाही.

खारंपाणी

वर निळी_खोली यांनी सुरक्षिततेचा मुद्दा काढलाय, त्यावर राखीव हवेचा हिशेब मांडतो, कारण एका टाकीवर तीच तुमची खरी पुंजी.

१८ मीटरला दाब २.८ बार. घाबरलेला माणूस मिनिटाला २५ लिटर ओढतो असं धरू, दोघांचे ५०. खाली सावरायला एक मिनिट: १४० लिटर. मिनिटाला ९ मीटरने ५ मीटरपर्यंत यायला दीड मिनिट, सरासरी २.१५ बारला: १६० लिटर. ५ मीटरला ३ मिनिटं: २२५. शेवटचं एक मिनिट: साठेक. बेरीज ५८५. अ‍ॅल्युमिनियम ८० मध्ये ते झाले ५३ बार. गेज थोडा चुकतो, माणूस थोडा जास्त घाबरतो, म्हणून मी १८ मीटरवर ७० बारला वळतो, ५० ला नाही. हाच हिशेब ३० मीटरला केला तर ७८ बार येतात, तिथे मी ९०-१०० च्या खाली खोलवर राहतच नाही.

पोनीचंही बघा: १८ मीटरवरून एकट्याला वर यायला याच्या निम्मी, ३०० लिटरच्या आसपास हवा लागते. म्हणजे भरलेली ३ लिटरची छोटी टाकीसुद्धा दुप्पट देते. अ‍ॅल्युमिनियम ४० मिळाली नाही तर ही चालेल.

निळी_खोली

खारंपाणी, हा हिशेब प्रत्येक होडीवर मोठ्या अक्षरात लावायला हवा. ३ लिटरची टाकी उचलायलाही हलकी, पाणकोंबडीताई, याचा विचार कराच.

फिनवाला

एक राहिलं. फर्स्ट स्टेज फिरणाऱ्या टरेटचा (होज जोडायच्या फिरत्या डोक्याचा) आणि टोकाला पाचवं पोर्ट असलेला असेल तर एका टाकीच्या मांडणीत फार सोय होते. लांब होज टोकाच्या पोर्टमधून निघते, गळ्यातली आणि इन्फ्लेटरची बाजूच्या पोर्टमधून, कुठे वाकडी वळणं येत नाहीत. आणि सेकंड स्टेजला काटकोनी सांधे कमीत कमी लावा. गळ्यातल्याला एक ठीक आहे. प्रत्येक सांध्यात आणखी ओ-रिंग, म्हणजे गळायला आणखी एक जागा.

पाणकोंबडी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. तळठावसरांनी सांगितलं तसं आधी तलावात, मग समुद्रात प्रशिक्षकांसोबत करून बघितलं. काय ठरलं ते लिहिते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

टाकी डावीकडे. लांब होज दीड मीटर, गळ्यातली ६० सेंटिमीटर, इन्फ्लेटर सरळ वर. बंजी मध्ये गाठ मारून पक्की केली आणि फरक थक्क करणारा होता, व्हॉल्व्ह बगलेत बसला तो बसलाच. शिसं साधा_श्वास यांच्या क्रमाने केलं, आधी एकूण कमी केलं, मग डावं-उजवं. समुद्रात उजव्या कंबरेला पाऊण किलोवर येऊन थांबले, बाकी मणक्याच्या रेषेत. सुरुवातीला किंचित डावीकडे ओढ जाणवते, सेफ्टी स्टॉपला किंचित उजवीकडे, मधला सगळा वेळ विसरायला होतं की टाकी एकाच बाजूला आहे. पाठ दुसऱ्या दिवशीही अजिबात दुखली नाही, हे लिहिताना फार आनंद होतोय.

बडीसोबत हवा द्यायचा सराव केला. पहिल्यांदा त्याचा हात माझ्या उजव्या कुशीकडेच गेला, अगदी तळठावसर म्हणाले तसा. दुसऱ्यांदा मी तोंडातला पुढे केला आणि त्याने बरोबर घेतला. आता डाइव्हच्या आधी हे आम्ही होडीवरच करतो.

एक अजून नीट बसलं नाही, स्नॅप पुढच्या डी-रिंगला घेतल्यावर टाकीचं बूड मांडीला लागतं आणि फिन मारताना जाणवतं. काही उपाय?

लाटांवर

वा, किती छान! बूड लागतंय म्हणजे स्नॅपची दोरी फार आखूड किंवा कॅम बँड फार खाली. बँड तळापासून चार-पाच बोटं वर सरकवा आणि तरीही लागलं तर दोरी दोन बोटं लांब करा. एका वेळी एकच बदला, नाहीतर कशाने जमलं ते कळत नाही.

बुडबुडे

आणि बँड सरकवल्यावर स्नॅपची दिशाही बघा, तो टाकीच्या बाहेरच्या अंगाला फिरला असेल तर टाकी आत वळते आणि बूड मांडीलाच येतं. व्हॉल्व्हचं तोंड ज्या दिशेला आहे त्याच्याशी तुलना करून स्नॅपची जागा ठरवा, एकदा खूण करून ठेवली की भाड्याच्या दुसऱ्या टाकीवरही तशीच लावता येते.

पाणकोंबडी

बँड खालीच आहे, अगदी तळाशी लावलाय. पुढच्या वेळी वर सरकवून बघते आणि व्हॉल्व्हच्या तोंडाच्या हिशेबाने खूण करते. ३ लिटरची पोनीही सांगून ठेवली आहे, ती उजवीकडे लावल्यावर पाऊण किलो शिसं काढावं लागेल ना?

खारंपाणी

बहुधा सगळंच काढावं लागेल, पोनीवरच्या रेग्युलेटरचंच किलोभर होतं. आधी उथळ पाण्यात तपासा, आणि पोनी स्टीलची असेल तर तिचं स्वतःचं वजनही धरा, मग कदाचित मधल्या शिशातूनही थोडं कमी होईल.